साहेबाचा काळा कोट

प्रिय साहेबा,

आधी कोटाचं सांगतो, नाहीतर पुढचं एक अक्षर तुझ्या डोक्यात शिरायचं नाही. कोट शाबूत आहे. फाटलेला नाही, चुरगळलेला नाही. खांदे नीट बसवून हँगरला लावलाय आणि कपाटात एकटाच लटकतोय. माझे शर्ट मी त्याच्या अंगाला लागू दिलेले नाहीत. डाव्या बाहीवर सुपाचा एक डाग मात्र पडलाय. तो कसा पडला हे सांगण्यात बरीच शाई जाणार आहे, तेव्हा आत्ताच भुवया चढवू नकोस. आणि हो, कोट तुझा. माझा नव्हे. माझा कोट तुझ्याच कपाटात आहे, उघडून बघ.

आज बोट शेवटच्या बंदराला लागली आहे. सगळे उतरून गावात हिंडायला गेलेत. मी धक्क्यासमोरच्या एका लहानशा कॉफीच्या दुकानात बसलोय. टेबल डुगडुगतंय, त्याच्या पायाखाली कागदाची घडी घातली आणि लिहायला घेतलं. जन्मभर लोकांचं छापलं, पण स्वतः इतकं लांब लिहायची वेळ कधी आली नाही. तू होतास ना बोलायला. मी एक वाक्य टाकायचो आणि तू त्याची दहा करायचास.

हे खूळ तुझंच. औषधांची बॅग घेऊन तू आयुष्यभर डॉक्टरांच्या दारात उभा राहिलास, पण तुझ्या पँटची घडी कधी मोडली नाही आणि टायची गाठ कधी सैल पडली नाही. मी छापखान्यातून तसाच यायचो, नखांत शाई, खिशात फुटलेलं पेन. तू साहेब आणि मी गबाळ्या, ही नावं कॉलेजात पडली ती पडलीच. तू निवृत्त झालास आणि काही वर्षांनी कुठूनतरी या सफरीचं माहितीपत्रक घेऊन आलास. मी म्हटलं, समुद्र दिसेल, चल. तू म्हणालास, "समुद्र राहू दे. हे वाच." दोन संध्याकाळी खास जेवण, पुरुषांनी काळा सूट, पांढरा शर्ट आणि गळ्यात बो घालून यावं अशी विनंती. त्या एका ओळीसाठी तू पैसे भरलेस, लेका. मला ओढून शिंप्याकडे नेलंस. तो बिचारा माझं माप घेत होता आणि तू त्याच्या कानाशी सूचना देत होतास. काळा म्हणजे काळा, निळसर चालणार नाही. कॉलरला रेशमी पट्टी हवी. शर्टाची बाही कोटाच्या बाहेर अर्धं बोट दिसली पाहिजे. शेवटी शिंपी म्हणाला, "यांचं शरीरही बदलून आणता का?" तेव्हा तू इतका हसलास की तुला खुर्ची द्यावी लागली. बोही आयता आकड्याचा नको म्हणालास, गाठ मारायचाच हवा. मला काही ती गाठ जमेना. दर रविवारी जेवण झालं की तू माझ्या गळ्यात तो बो बांधायचास, सोडायचास, परत बांधायचास. "जाऊ दे," म्हणालास, "बोटीवर मीच बांधीन."

आणि मग तुला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली. त्याबद्दल मी काही लिहिणार नाही, तुला माझ्याहून जास्त माहीत आहे. मला माहीत आहे ते एवढंच, की हॉस्पिटलात मी आत आलो तेव्हा तू चादर तोंडावर ओढून घेतलीस. मला वाटलं झोप लागली असेल. पुन्हा आलो, पुन्हा तेच. तू घरी आल्यावर तुझ्या लेकीनं दारातच मला थांबवलं. तिचे डोळे लाल होते. म्हणाली, "काका, रागावू नका. बाबा नको म्हणतात. कुणीच नको म्हणतात." मी म्हटलं, नको म्हणतो म्हणजे बोलायला लागला की काय? ती रडायलाच लागली. नंतर कळलं, तू डावा हात हलवून सांगतोस, आणि तोंडाची उजवी बाजू दिसू नये म्हणून भिंतीकडे वळून बसतोस. मी पायऱ्या उतरलो. पुढच्या रविवारी परत आलो, त्याच्या पुढच्याही आलो. तुझ्या खोलीचं दार बंदच.

(पोरी, तू हे वाचून दाखवते आहेस, मला माहीत आहे. एकही ओळ गाळू नकोस. बाबांनी हात हलवला तरी वाचत राहा.)

सफर रद्दच करणार होतो. पण तुझी लेक तिकिटं आणि सुटाची पिशवी घेऊन माझ्याकडे आली. तू खुणा करकरून तिच्याकडून ते वदवून घेतलंस म्हणे, की गबाळ्याला पाठव. दोन्ही सूट तुझ्याकडे होते, कारण माझ्या घरात कोट सरळ टांगला जाईल यावर तुझा विश्वास नव्हता. पिशव्या सारख्याच. तिनं बिचारीनं हाताला लागली ती उचलली. मी उघडूनही पाहिलं नाही. मला त्या पिशवीकडे बघवत नव्हतं.

बोटीवरची खोली छान आहे. गोल खिडकी, दोन पलंग, मधे एक दिवा. खोली आवरणारा माणूस रोज दोन्ही पलंगांवर नव्या चादरी घालतो, दोन्ही उशा फुगवून ठेवतो. पहिल्या दिवशी त्याला सांगणार होतो की एकच वापरात आहे, पण नाही सांगितलं. तेवढंच बरं वाटायचं. खरं सांगू? माणसांची एवढी गर्दी मी कधी पाहिली नव्हती आणि इतका एकटाही कधी पडलो नव्हतो. डेकवर आरामखुर्च्यांच्या रांगा असतात. मी एका खुर्चीत बसायचो आणि शेजारच्या खुर्चीवर टॉवेल ठेवायचो, कुणीतरी येणार असल्यासारखा. लोक विचारायचे, "इथं कुणी आहे का?" मी मान हलवायचो. हो की नाही ते माझं मलाही कळायचं नाही.

खास जेवणाची पहिली संध्याकाळ आली. मी आंघोळ केली, दाढी केली, पिशवीची चेन उघडली, कोट अंगात घातला आणि आरशात बघितलं. साहेबा, मी कोटात नव्हतोच! हात बाहीतच संपले होते, कोट मांड्यांपर्यंत आलेला आणि पँट पावलांवर साचून जमिनीला टेकलेली. एखाद्या पोरानं बापाचे कपडे घालावेत तसा दिसत होतो, फक्त पोराचं वय सत्तर. हसू आलं, आणि हसता हसता मी शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं, तू कसा हसतोयस ते बघायला. सवय रे. हसणं तिथंच बंद पडलं.

सगळं काढून ठेवलं आणि साधा शर्ट घालून वरच्या मजल्यावर गेलो. तिथं ज्यांना नटायचं नसतं ते जाऊन आपापलं वाढून घेतात. हॉल जवळजवळ रिकामा. दोन-तीन एकटे पुरुष एकेका टेबलावर, प्रत्येकाची नजर ताटात. एक बाई काउंटर पुसत होती. मी बटाटे घेतले, मासा घेतला आणि काचेपाशी बसलो. बाहेर अंधार पडत होता, म्हणून काचेत मीच दिसत होतो, चावताना. तुझी वहिनी गेल्यावर असाच जेवायचो मी, ओट्याशी उभा राहून, पातेल्यातून. आठवतं, तू एका रविवारी अचानक आलास, ते बघितलंस. शर्ट बदलायला लावलास, टेबलावरचे कागद उचललेस आणि दोन ताटं मांडलीस. त्यानंतर एक रविवार चुकवला नाहीस. तुझी बायको गेली तेव्हाही त्याच्या पुढच्या रविवारी तू आलास, इस्त्रीच्या शर्टात. मी ताट तसंच ठेवलं आणि खाली आलो.

खिशातल्या औषधाच्या डबीत जखमेवर लावायची चिकटपट्टी होती. बाह्या आत दुमडून चिकटवल्या, पँटही तशीच. पुस्तकाची पानं दुमडण्यात आयुष्य गेलं, तेवढं जमलं. बो मात्र जमला नाही. तो तसाच गळ्यात लोंबत ठेवून जेवणघराच्या दाराशी रांगेत उभा राहिलो.

आता तुला हवं ते सांगतो. तू कल्पना केली होतीस तसं काही नव्हतं. रेशमी पट्टीचे कोट होते, पण थोडे. बरेच जण ऑफिसच्या सुटात. एकाच्या कोटाचं बटण पोटावर असं ताणलेलं, की मी त्याच्या समोरून बाजूला झालो. एकानं वर बो आणि खाली पळायचे बूट घातले होते. भाड्याचे कोट लगेच ओळखू येत होते, कारण त्यांचे मालक सारखे मान फिरवत होते. एक म्हातारा मात्र तुझ्या पंथाचा, पांढरा कोट, काळा बो, छातीच्या खिशात रुमालाचं टोक. ताठ उभा होता, पण दोन्ही हात थरथरत होते, मानही. त्याच्या हाताला धरून त्याची बायको. तिनं मागे वळून माझ्या गळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "इकडे या." भर रांगेत माझा बो बांधला. "यांचा रोज मीच बांधते," म्हणाली, "हात बसलाय." तुझ्यासारखाच, शेवटी दोन्ही टोकांना एक हिसका देऊन.

त्यांचंच टेबल माझ्या वाट्याला आलं. तो म्हातारा शाळेत ड्रिलमास्तर होता. माझ्या शेजारची खुर्ची तुझ्या नावाची, तिच्यासमोर काटे, चमचे, ग्लास सगळं मांडलेलं. मास्तरांच्या बाईंनी विचारलं, "हे कोण येणार?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "माझा मित्र. त्याला बोट लागलीय. खोलीत झोपलाय."

का असं बोललो, ठाऊक नाही. कदाचित ती खुर्ची उचलून नेतील अशी भीती वाटली. पण मग ते वाढतच गेलं. वाढपी तुझ्यासाठी टोस्ट आणि हिरवं सफरचंद बांधून द्यायला लागला. बाईंनी आल्याच्या वड्या दिल्या. रोज सकाळी डेकवर विचारायच्या, "काल रात्री काही राहिलं का पोटात?" मी सांगायचो, अर्धा टोस्ट खाल्ला, आज जरा हसला. खोलीत येऊन तुझ्या पलंगाच्या कडेवर बसून तुझा टोस्ट मीच खायचो. साहेबा, थट्टा वाटेल, पण त्या दिवसांत मी तुझ्या तब्येतीची खोटी खबर सांगायला उत्सुक असायचो. खरी खबर मला कुणी देतच नव्हतं.

ड्रिलमास्तराचं जेवण मी रोज बघत होतो. बसला की बायको एक मोठा रुमाल त्याच्या गळ्याशी बांधायची, तो बो आणि तो पांढराशुभ्र शर्ट झाकून. चमचा तोंडापर्यंत जाईतो निम्मं सांडायचं. कधी ती भरवायची, कधी तो हात बाजूला सारून स्वतः खायचा. शेजारच्या टेबलांवरचे पहिल्या दिवशी बघत होते. दुसऱ्या दिवशी कमी. मग कुणीच बघेना; सगळ्यांना आपापला मासा सोडवायचा असतो. जेवण झालं की ती रुमाल सोडायची, आणि आत तो परत तसाच, खिशातल्या रुमालाचं टोकसुद्धा हललेलं नाही.

काल दुसरं खास जेवण. बाई म्हणाल्या, "आज त्यांना आणायचंच. चला, मी येते उठवायला." आणि खरोखरच उठल्या. मी म्हटलं, "बसा. तो बोटीवर नाही." मग सगळं सांगितलं. तुझं बोलणं कसं होतं, ते कसं गेलं, ती चादर, ते दार. टोस्ट कोण खातं तेही. मला वाटलं, आता या रागावणार. त्या ऐकत राहिल्या. ड्रिलमास्तराचा चमचा अर्ध्यात थांबला होता. त्याला बोलायलाही वेळ लागतो. एकेक शब्द ओढून आणत तो म्हणाला, "तोंड... लपवतो?"

"हो."

"मी पण... लपवायचो."

बाई म्हणाल्या, "आतून कडी लावून एकटे जेवायचे. मी बाहेर ताट घेऊन उभी. एक दिवस सुताराला बोलावलं आणि कडीच काढून टाकली. म्हटलं, तुम्ही आत बसणार असाल तर मी नटू कुणासाठी?" तो हसायला लागला. हसताना त्याचं सगळं अंग हलतं. आणि हसत हसत त्यानं माझ्या दंडावर हात ठेवला, मला धीर द्यायला. पण त्या हातात चमचा होता हे तो विसरला. हा तो डाग. बाई पुसायला धावल्या, मी नको म्हटलं. तो ओशाळला. विचारलं, "मित्राचा... कोट?" मी मान हलवली. तो म्हणाला, "मग त्याला... सांगा. सूप... चांगलं होतं."

तर सांगितलं. सूप खरंच चांगलं होतं.

आज सकाळी बंदरावरून मी तुझ्या लेकीला फोन केला. तिनं आधी सगळं ठीक आहे म्हटलं, मग बोलली. तिची रजा संपत आली आहे. तुझं घर बंद करून ती तुला तिच्याकडे नेणार आहे, पाचव्या मजल्यावर. दिवसभर ती कामावर आणि तुझ्याजवळ एक नर्स. तू व्यायाम सोडलायस. बोलायला शिकवणाऱ्या बाईंना तू परत पाठवलंस. भिंतीकडे तोंड करून जेवतोस. पोर म्हणाली, "काका, मी तरी काय करू?" तिचं काही चुकत नाही. तिच्या जागी मीही हेच केलं असतं. पण फोन ठेवल्यावर मला बसायला जागा शोधावी लागली. तेव्हा हे दुकान सापडलं.

आता हे का लिहिलं ते सांगतो. मी मशिनं विकल्यापासून माझ्या घराखालची छापखान्याची खोली रिकामीच पडून आहे. तळमजला, एक पायरी नाही. दार एवढं रुंद, की त्यातून मशीन आत गेलं होतं, चाकाची खुर्ची सहज जाईल. उजेड भरपूर. न्हाणीत धरायला दांडा बसवून घेईन, शेजारचा नळवाला दोन दिवसांत करून देतो. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई गल्लीच्या तोंडाशीच राहतात. त्या बाईंना तू परत पाठवू शकणार नाहीस, कारण दार उघडायला मी जाणार. तुझी लेक सुट्टीला येईल, तिच्यासाठी वरची खोली आहे. तुला सांभाळायला बोलावतोय असं समजू नकोस. मी परत ओट्याशी उभा राहून जेवायला लागलोय, आणि हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तू माझ्याकडे ये. कायमचा. हो असेल तर काहीच करू नकोस, मान हलवू नकोस, हात उचलू नकोस, गप्प बस. मी पुढच्या आठवड्यात गाडी घेऊन दारात येतो. नाही म्हणायचं असेल तर मात्र हातवारे चालणार नाहीत. मला समोर बसवून, माझ्याकडे तोंड करून, ते तुला स्वतःच्या तोंडानं म्हणावं लागेल. वाकडं म्हण, बोबडं म्हण, निम्मं सांडत म्हण. लागेल तेवढा वेळ मी थांबीन. मला ते ऐकायचंच आहे.

तुझाच,
गबाळ्या